पिंजरा हॉलमध्ये, तवा गॅसवर: पक्षी असलेल्या घरातली हवा

शेजारच्या वहिनींकडे दोन बजी, म्हणजे छोटे पोपट होते, एक हिरवा आणि एक निळा. एका रविवारी सकाळी त्यांनी घावनांसाठी नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवला आणि तेवढ्यात गाडी बाजूला काढा म्हणून खालून फोन आला. दहा-बारा मिनिटांनी त्या वर आल्या तेव्हा तवा कोरडाच तापत होता. धूर दिसत नव्हता, जळका वास जेमतेम येत होता. त्यांनी तवा गार केला, घावनं घातली, सगळे खायला बसले. पिंजरा स्वयंपाकघरापासून पंधरा फुटांवर, हॉलच्या खिडकीत होता. अर्ध्या तासाने निळा दांडीवरून खाली कोसळला आणि त्याच्या मागोमाग हिरवा. घरातल्या चौघा माणसांना त्या सकाळी साधा ठसकाही लागला नव्हता.

"काल तर छान बडबड करत होते हो, असं एकाएकी काय झालं?" त्या मला विचारत राहिल्या. माझ्याकडे गेली अनेक वर्षं कॉकाटील, म्हणजे तुरेवाले छोटे पोपट आहेत, त्यामुळे उत्तर मला माहीत होतं. ते त्यांना आधी सांगितलं नव्हतं याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

भाता आणि फुफ्फुस

आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुगते आणि हवा आत जाते, सोडतो तेव्हा ती आल्या वाटेने बाहेर पडते. थोडी शिळी हवा मात्र दर वेळी आतच राहते आणि पुढच्या ताज्या हवेत मिसळते. पक्ष्याचा कारभार निराळा आहे. त्याची फुफ्फुसं लहान आणि जवळजवळ ताठ असतात, ती फुगत नाहीत. हवा खेळवण्याचं काम शरीरभर पसरलेल्या पातळ पिशव्या करतात. बहुतेक पक्ष्यांत अशा नऊ पिशव्या असतात. लोहाराचा भाता डोळ्यांसमोर आणा: भाता फुगतो-दबतो, पण निखारा असतो भलतीकडे. तसंच इथेही. पिशव्या म्हणजे भाता, फुफ्फुस म्हणजे निखारा.

पक्षी पहिला श्वास आत घेतो तेव्हा ताजी हवा मागच्या पिशव्यांत जाऊन थांबते. तो श्वास सोडतो तेव्हा ती फुफ्फुसातून पुढे सरकते. दुसऱ्या श्वासाला ती पुढच्या पिशव्यांत जाते आणि त्यानंतरच्या उच्छ्वासाला बाहेर पडते. म्हणजे हवेचा एक घोट शरीरातून पार व्हायला दोन श्वास लागतात, आणि फुफ्फुसातून हवा कायम एकाच दिशेने वाहत राहते. पक्षी श्वास आत घेत असो वा सोडत असो, त्याच्या फुफ्फुसाला ताजी हवा मिळतच असते. शिवाय हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा आपल्यापेक्षा खूप पातळ. या रचनेमुळेच काही पक्षी हिमालय ओलांडू शकतात, जिथे आपल्याला चार पावलं टाकताना धाप लागते.

पण जे फुफ्फुस प्राणवायू इतक्या चटकन उचलतं, ते विषही तितक्याच चटकन उचलतं. त्यातून बजीचं वजन तीस-चाळीस ग्रॅम, म्हणजे पोह्यांच्या एका मुठीएवढं, आणि विसावलेला असतानाही तो मिनिटाला साठ-सत्तर वेळा श्वास घेतो. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी खाली नेत असत ते याचमुळे. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने 1890च्या दशकात ही कल्पना मांडली. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, पण माणसाला कळायच्या आत कॅनरी दांडीवर डुलू लागे. ही पद्धत 1986 साली मोडीत निघाली आणि तिच्या जागी यंत्रं आली. तुमच्या हॉलमधला बजीही त्याच जातकुळीचं फुफ्फुस घेऊन बसलेला आहे.

कोरडा तवा

नॉनस्टिक भांड्यावरचा काळा गुळगुळीत थर बहुतेक वेळा पीटीएफई नावाच्या प्लॅस्टिकचा असतो. 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगात ते अचानक सापडलं. थंड असताना किंवा बेतशीर आचेवर ते निरुपद्रवी असतं. साधारण 260 अंश सेल्सिअसपर्यंत ते टिकतं, त्याच्या पुढे मात्र हळूहळू तुटायला लागतं. तुटताना त्यातून अतिसूक्ष्म कण आणि फ्लोरिनयुक्त वायू बाहेर पडतात. तव्यावर पीठ, भाजी किंवा पाणी असेल तर ते उष्णता खातं आणि तवा फार चढत नाही. कोरडा तवा मोठ्या आचेवर राहिला तर काही मिनिटांत 300 अंशांच्या वर जातो. वहिनींच्या घरी झालं ते एवढंच. कुठलीही वस्तू खराब नव्हती, कुणी काही चुकीचं शिजवलं नव्हतं.

हे वायू माणसाच्या छातीत पुरेसे गेले तर काही तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, छातीत दाटल्यासारखं होतं, आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं. आपण त्याला फ्लू समजून सोडून देतो. पक्ष्याच्या फुफ्फुसात मात्र रक्तस्राव होतो आणि पाणी भरतं. यावर उतारा नाही. प्राणवायू देऊन आणि सूज उतरवणारी औषधं देऊन एखादा पक्षी वाचतोही, पण बहुतेक दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. पिंजरा दुसऱ्या खोलीत आहे, दार लोटलेलं आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्या फ्लॅटमध्ये फोडणीचा वास कुठवर जातो ते आठवा, हे वायूही तितकेच दूर जातात.

एवढं वाचून लोक तवा बदलतात आणि बाकीच्या वस्तू विसरतात. सँडविच टोस्टर, एअर फ्रायर, वॅफल मेकर, काही इस्त्र्यांचा तळ, केस सरळ करायचं यंत्र, काही रूम हीटर, अप्पेपात्रं, ओव्हनमध्ये अंथरायच्या चकचकीत शीट, या सगळ्यांवर हाच थर असू शकतो. उष्णतेसाठी पिंजऱ्याजवळ लावायचे काही बल्ब फुटू नयेत म्हणून त्यांच्या काचेलाही हाच लेप देतात. ज्या बल्बने ऊब द्यायची त्यानेच जीव घ्यावा, यासारखं वाईट काय? नवीन वस्तू घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका.

माझं मत ठाम आहे: पक्षी असलेल्या घरात हा थर असलेली भांडी ठेवूच नयेत. "आम्ही मंद आचेवरच वापरतो" हे मी शंभरदा ऐकलंय. पण ज्या दिवशी दाराची बेल वाजते, बाळ रडतं, फोन येतो, त्या दिवशी आच मंद राहत नाही. लोखंडी किंवा बीडाचा तवा, स्टीलची कढई, हिंडालियमची पातेली यांवर आपल्या आज्यांनी आंबोळ्याही काढल्या आणि धिरडीही. बीडाचा नवा तवा वापरायोग्य करताना तेल लावून धुरावेपर्यंत तापवतात, तो धूरही पक्ष्यांना घातक असतो. ते काम खिडक्या उघड्या ठेवून, पक्षी कुणाकडे तरी पाठवून करावं. करपलेलं दूध, धुरावलेलं तेल, मिरचीच्या फोडणीचा खकाणा यांत पीटीएफईसारखं विष नसलं तरी त्यांनी पक्ष्याची श्वासनलिका सुजते.

देवघर, डास आणि फडताळ

या बाबतीत लोक दुखावतात, म्हणून जपून लिहिते. उदबत्ती, धूप, गुगुळ, कापूर, लोबान, यांतलं काहीही जळलं की धूर होतो, आणि धुराला तो भक्तीचा आहे की चुलीचा हे ठाऊक नसतं. रोज सकाळ-संध्याकाळ बंद घरात दोन उदबत्त्या म्हणजे पक्ष्यासाठी रोजची झीज. आमच्या घरी सासूबाईंनी स्वतःच तोडगा काढला. देवापुढे तुपाचं निरांजन आणि ताजी फुलं. उदबत्ती सणावारी, तीही गच्चीतल्या तुळशीपाशी. गणपतीत आरतीच्या वेळी पिंजरा आतल्या खोलीत जातो आणि त्या खोलीची बाहेरची खिडकी उघडी असते.

डासांच्या कॉइलबद्दल मात्र जपून बोलायची गरज नाही. ती बंद करा. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळून पीएम 2.5 म्हणजे अतिसूक्ष्म कण किती निघतात ते मोजलं होतं: 75 ते 137 सिगारेटींइतके. वर त्यात कीटकनाशक असतं ते वेगळंच. बाटलीवाल्या मशीनमधून धूर येत नाही, पण कीटकनाशकाची वाफ रात्रभर येतेच, आणि बहुतेक घरांत ते मशीन पिंजऱ्याच्याच भिंतीवरच्या प्लगला लावलेलं असतं. खिडक्यांना जाळी, माणसांना मच्छरदाणी, आणि पिंजऱ्यालाही रात्री पातळ जाळीचं आवरण. डास पक्ष्यांनाही चावतात.

पेस्ट कंट्रोल, रंगकाम, पॉलिश यांसाठी पक्षी दुसऱ्या घरी हलवा आणि वास पूर्ण गेल्याशिवाय परत आणू नका. फडताळातल्या डांबर गोळ्या, खोलीत मारायचे सुगंधी फवारे, डिओ, केसांचा स्प्रे, सुगंधी मेणबत्त्या, डिफ्यूझरमधली तेलं हे सगळं पक्ष्यांच्या खोलीबाहेर. आणि एक धोका माणसांनाही तितकाच: संडास घासायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बाथरूममधला गॅस गीझरही तपासून घ्या. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं गेली आहेत.

कण पकडता येतो, वायू नाही

हवेतला त्रास दोन जातींचा असतो. एक कण: धूळ, पिसांचा भुगा, बुरशीचे बीजाणू, धुरातली काजळी. दुसरा वायू: तव्यातून सुटलेला, कीटकनाशकाचा, रंगाचा, कार्बन मोनॉक्साइड. कण गाळणीत अडकतो, ओल्या फडक्याला चिकटतो, खाली बसतो. वायू यातलं काहीच करत नाही. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातली हेपा गाळणी त्याला अडवू शकत नाही. कोळशाचा थर काही वास आणि काही वायू थोडेफार शोषतो, पण तव्याच्या वायूचा लोट किंवा कार्बन मोनॉक्साइड थांबवण्याची त्याची ताकद नाही. त्यामुळे वायूवर एकच उपाय उरतो: तो घरात तयारच होऊ द्यायचा नाही, आणि झालाच तर खिडकीतून घालवायचा. महागडं यंत्र घेऊन आता निश्चिंत झालो म्हणणाऱ्या लोकांचा घोटाळा नेमका इथे होतो. त्यांनी कणांचा बंदोबस्त केलेला असतो आणि वायूचा स्रोत गॅसच्या शेगडीवर तसाच असतो.

आतापर्यंत आपल्यामुळे पक्ष्यांना होणारा त्रास सांगितला. कणांच्या बाबतीत गंगा उलटी वाहते: पक्ष्यांमुळे आपल्याला त्रास होतो.

कॉकाटील, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे या पक्ष्यांच्या अंगावर एक खास प्रकारची पिसं असतात, ज्यांची टोकं झडून टाल्कम पावडरीसारखी भुकटी होते. पक्षी ती चोचीने अंगभर पसरवतो, त्याने पिसं निगुतीने राहतात. माझ्याकडच्या कॉकाटीलने पंख झटकले की उन्हाच्या तिरिपेत ढग दिसतो, आणि काळ्या टीव्हीवर दोन दिवसांत पांढरी साय धरते. बजी आणि लव्हबर्डची भुकटी कमी, पण वाळलेल्या विष्ठेची धूळ आणि राळ्याचा कोंडा त्यांच्याकडूनही येतोच.

या धुळीतली प्रथिनं काही माणसांच्या फुफ्फुसाला सोसत नाहीत. शिंका आणि डोळ्यांची खाज ही साधी ॲलर्जी झाली. खरी भीती आहे ती हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसची. यात शरीराची संरक्षक यंत्रणा फुफ्फुसाच्या आतच लढाई मांडते, तिथे सूज येते, आणि वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर फुफ्फुस व्रणासारखं घट्ट होतं. तो घट्टपणा परत मऊ होत नाही. सुरुवात फसवी असते: कोरडा खोकला, जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप, थकवा, वजन थोडं उतरलेलं. "वय झालं" म्हणून लोक दोन-दोन वर्षं काढतात. पक्षी दहा वर्षं घरात आहेत, आजवर काही झालं नाही, हा युक्तिवादही चालत नाही, कारण हा आजार संपर्क सुरू झाल्यावर कित्येक वर्षांनीही डोकं वर काढू शकतो.

हे दूरचं नाही. फुफ्फुस घट्ट होण्याच्या आजारांची भारतातली नोंदवही 2017 साली प्रसिद्ध झाली. 19 शहरांतल्या 27 केंद्रांवरचे 1,084 रुग्ण तिच्यात होते, आणि त्यांच्यातल्या 47 टक्क्यांना हाच आजार असल्याचं निदान झालं होतं. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत संशयाची सुई एअर कूलरकडे वळली होती, काहींच्या बाबतीत पक्ष्यांकडे. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी इथे थांबून कूलरच्या जाळ्यांकडे एकदा बघावं. टाकीत आठवडाभर साचलेलं पाणी आणि हिरवट पडलेला वाळा म्हणजे बुरशीचं शेत, आणि पंखा तीच हवा तुमच्यावर व पिंजऱ्यावर सोडत असतो. हंगामाच्या सुरुवातीला जाळ्या नव्या घाला, टाकी दर आठवड्याला घासा, आणि झोत थेट पिंजऱ्यावर नको.

2025 साली मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद पेटला, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्याच्या मुळाशी हाच आजार होता. त्या वादात शिरायचं इथे कारण नाही, पण एक लक्षात घ्या: पाळलेला पक्षी नसतानाही बाल्कनीतल्या एसीच्या मागे कबुतरांची विष्ठा साचलेली असेल आणि एसीचं काम करणारा माणूस ती कोरडीच खरवडत असेल, तर ती धूळ तुमच्या घरात येते. आधी पाणी मारून भिजवा, मास्क लावा, मग काढा.

दुसरा आजार जंतूचा आहे, सिटॅकोसिस. आजारी पक्ष्याच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेली की ताप, जबर डोकेदुखी, कोरडा खोकला आणि कधी न्यूमोनिया होतो. डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो, पण नेहमीच्या काही अँटिबायोटिक्सना दाद देत नाही. म्हणून घरात पक्षी असतील तर खोकला-तापासाठी डॉक्टरांकडे गेल्यावर ते न विचारताही सांगा, "आमच्याकडे पक्षी आहेत." हे एक वाक्य निदानाचे कित्येक आठवडे वाचवू शकतं.

झाडू ठेवा, फडकं घ्या

कणांचा सगळ्यात स्वस्त शत्रू पाणी. पिंजऱ्याभोवती कोरडा झाडू मारला की बसलेली धूळ उठून पुन्हा तासभर तरंगते, आणि ती नेमकी झाडणाऱ्याच्या नाकाच्या उंचीला असते. ओल्या फडक्याने पुसा. ट्रेमध्ये वर्तमानपत्राचे तीन-चार थर घाला आणि रोज वरचा काढून टाका. काढण्याआधी बाटलीतून साध्या पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे विष्ठेचा चुरा उडत नाही. त्या वेळी पंखा बंद आणि तोंडाला एन-95 मास्क. साधा रुमाल इतके बारीक कण अडवत नाही. ट्रे साफ करायचं काम दम्याच्या माणसाकडे, लहान मुलांकडे किंवा गरोदर बाईकडे देऊ नये, आणि ते स्वयंपाकाच्या ओट्याजवळच्या सिंकमध्ये तर मुळीच नको.

पक्ष्यालाही आंघोळ हवी. आठवड्यातून तीन-चारदा, दुपारच्या उबेत, पसरट वाटीत पाणी किंवा अंगावर पडेल न पडेल असा बारीक फवारा. त्याने भुकटी खाली बसते, पिसं चमकतात, आणि बहुतेक कॉकाटीलना ते मनापासून आवडतं: पंख पसरून, डोकं खाली करून लटकतात. पिंजऱ्याला खालच्या बाजूने उंच कडा किंवा कापडाची झालर लावली की कोंडा आणि पिसं घरभर जात नाहीत. झोपायच्या खोलीत पिंजरा नको. दिवसातले सात-आठ तास आपण तिथे सलग श्वास घेतो.

हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचंच असेल तर ते पक्ष्यांच्या खोलीपुरतं घ्या आणि हिशेब करून घ्या. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची, म्हणजे 1,200 घनफूट, म्हणजे सुमारे 34 घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळली जावी असं धरलं तर 170 घनमीटर. खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा असतो, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ करतं ते, तो या हिशेबाशी ताडून बघा. मी तर 250च्या पुढचं घ्यायला सांगेन, कारण खोक्यावरचा आकडा सगळ्यात मोठ्या वेगाचा असतो आणि त्या आवाजात कुणी झोपत नाही. गाळणी खरी हेपा असावी, 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारी. पक्ष्यांच्या घरात वरची जाळी दर आठवड्याला भुकटीने भरते, ती घराबाहेर नेऊन साफ करा. आतली गाळणीही कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधीच बदलावी लागते.

ओझोन, आयोनायझर, प्लाझ्मा असले शब्द खोक्यावर दिसले तर ते यंत्र ठेवून द्या, किंवा निदान ती सोय कायमची बंद करता येते याची खात्री करा. ओझोन फुफ्फुसाला जाळतो, पक्ष्याच्या तर लवकर. आणि स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो हा समज सोडा. तो खोलीतलीच हवा गार करून पुन्हा पुन्हा फिरवतो. कुंड्यांचंही तसंच. झाडं हवा शुद्ध करतात हे 1989 साली नासाने बंद पेटीत केलेल्या प्रयोगावरून पसरलं. 2019 साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा दिसलं की, खिडकीतून होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. कुंड्या आवडत असतील तर जरूर ठेवा, फक्त पक्षी पानं कुरतडतो हे लक्षात घेऊन विषारी नसलेल्या.

वारा कुठून कुठे

खिडकी उघडणं सोपं, पण हवा कुठून येऊन कुठे जाते ते बघायला हवं. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा घरात दुसरीकडून यावी लागते. हॉलची खिडकी उघडी असेल तर ताजी हवा हॉलमधून, पिंजऱ्यावरून, स्वयंपाकघराकडे जाते आणि बाहेर पडते. हे उत्तम. उलट हॉल बंद आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी असेल तर वारा फोडणीचा धूर हॉलमध्ये लोटतो. टिश्यू पेपरची लांब पट्टी स्वयंपाकघराच्या दारात धरा. ती आत, शेगडीकडे झुकली पाहिजे. हॉलकडे झुकत असेल तर पिंजऱ्याची जागा बदला. शेगडीवरच्या ज्या चिमणीला बाहेर जाणारा पाइप नसतो, ती फक्त तेलकटपणा गाळून हवा परत घरातच सोडते, तिच्यावर विसंबू नका.

थंडीत पुण्या-मुंबईतही पहाटेची हवा जड असते, धूर खाली दबून राहतो. त्या दिवसांत खिडक्या दुपारी उघडाव्यात. आपल्याकडे पीएम 2.5ची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15. फोनवर आकडा बघून ठरवा. दिवाळीचे चार दिवस मात्र पिंजरा सगळ्यात आतल्या खोलीत, खिडक्या बंद आणि यंत्र चालू.

पावसाळ्यात कोकण-गोव्याकडच्या घरांचा प्रश्न बुरशीचा. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू पक्ष्याच्या हवेच्या पिशव्यांत रुजतात. तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे औषधही नीट पोचत नाही आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. ओले शेंगदाणे, कुबट वास येणारी बाजरी, भिजून राहिलेला भुस्सा, घरट्याच्या पेटीतला दमट नारळाचा काथ्या हे सगळं फेकून द्या. दाणे थोडे थोडे आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. भिंतीला ओल असेल तर पिंजरा तिथून निदान हातभर दूर.

आणि पक्षी अस्वस्थ दिसला तर? दांडीवर बसल्या बसल्या श्वासागणिक शेपूट वर-खाली होणं, चोच उघडी ठेवून श्वास घेणं, पिसं फुलवून तळाशी बसणं, आवाज बदलणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. पक्षी आजार लपवतात, त्यामुळे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. तव्याचा किंवा धुराचा संशय असेल तर आधी पिंजरा उचलून बाहेर मोकळ्या हवेत न्या, मग गॅस बंद करा, खिडक्या उघडा. पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, उबेत आणि शांत ठेवा. तोंडात पाणी, मध, हळद काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. सगळेच पशुवैद्य पक्षी बघत नाहीत, म्हणून बघणारा कोण आणि त्याच्याकडे प्राणवायूची सोय आहे का, हे आजच फोन करून विचारून ठेवा. आणि जाताना घरातले सगळे पक्षी बरोबर न्या, ठीक दिसत असलेलेही. फुफ्फुसात पाणी भरायला कधी कधी काही तास लागतात.